प्रत, पाठ आणि प्रतीक्षा

चित्रपटाला 'संहिता' म्हणण्याची सवय मराठी समीक्षेच्या अंगवळणी पडली आहे. मात्र संहिता म्हटल्यावर पाठचिकित्सक जो पहिला प्रश्न विचारतो, म्हणजे कोणती प्रत आणि ती कोठून आली, तो चित्रपटविषयक लेखनात अभावानेच आढळतो. जुन्या मराठी आणि परदेशी चित्रपटांच्या नव्या तबकड्यांची वाट पाहणारा रसिक हा प्रश्न आपल्या परीने विचारत असतो. त्याची प्रतीक्षा म्हणूनच समीक्षेच्या विचारकक्षेत यायला हवी.

ही प्रतीक्षा महानगरात वेगळी आणि नवीन जालन्यासारख्या ठिकाणी वेगळी. पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मुंबई-पुण्यात फिल्म सोसायट्यांची परंपरा आहे. कुंडलिकेच्या तीरावरच्या बाजारपेठेत राहणाऱ्या अभ्यासकाला अभिजात चित्रपट भेटतो तो घरातल्या पडद्यावर: आधी भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर, मग तबकडीवर. ती प्रत खराब असेल तर पडताळ्यासाठी दुसरी नाही. महानगरी रसिकाच्या लेखी तबकडी ही स्मरणिका असते, येथे तीच मूलप्रत होऊन बसते.

पाठशुद्धीची जाणीव या भूमीला परकी नाही. जालन्यापासून फारसे दूर नसलेल्या पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत आपली ओवी घुसडणाऱ्याला कठोर शब्दांत बजावले. सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीच्या बाबतीत घडले ते याच जातीचे कार्य होते. १९९३ च्या लंडनमधील आगीत होरपळलेल्या निगेटिव्हमधून जे वाचले ते वाचवून, उरलेले अन्य प्रतींवरून जुळवून २०१५ मध्ये ही चित्रत्रयी नव्याने प्रकाशात आली. आपल्याकडील अनेक कॅसेटी आणि तबकड्यांवर मात्र चौकटीच्या कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह अखंड झळकत असते. एकनाथांनी या ओवीला काय म्हटले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

प्रतीच्या शुद्धतेचा आग्रह हा केवळ संग्राहकाचा छंद नव्हे, हे 'प्रभात'च्या 'कुंकू'वरून (१९३७) ध्यानात येते. शांतारामबापूंनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वर्ज्य केले. गाण्यांनाही दृश्यातल्याच ध्वनींची साथ दिली. वृद्ध वराच्या घरातली शांतता, पावले, वस्तूंचे आवाज हाच तेथील भाष्यकार आहे. नीरेची कोंडी संवादांत जितकी आहे तितकीच या नि:शब्द घरात आहे. घासलेल्या प्रतीवरून काढलेल्या कॅसेटमध्ये खरखर एवढी असते की शांतता उरतच नाही. मग प्रेक्षकाच्या हाती लागते ती जरठ-कुमारी विवाहाची कथा, आणि समीक्षकही 'सामाजिक आशय' एवढा शेरा मारून मोकळा होतो. येथे सदोष प्रतीने सदोष समीक्षा जन्माला घातली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. त्या काळची जवळजवळ चौरस चौकट आजच्या रुंद पडद्यावर ताणली की माणसे बुटकी होतात, कापली की मस्तके जातात. तो दोष निदान डोळ्यांना दिसतो. ध्वनीचा ऱ्हास कळतही नाही.

पाठभेदाचा प्रश्न तर आणखी गुंतागुंतीचा. 'कुंकू'चा 'दुनिया न माने', 'माणूस'चा (१९३९) 'आदमी' आणि 'शेजारी'चा (१९४१) 'पडोसी' ही भाषांतरे नव्हेत, स्वतंत्रपणे चित्रित केलेले जोडपाठ आहेत. 'शेजारी'त पाटील केशवराव दाते आणि मिर्झा गजानन जागीरदार; 'पडोसी'त जागीरदार मिर्झाच, पण हिंदू शेजारी साकारला मझहर खान यांनी. हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू, ही अदलाबदल हिंदी पाठात पुरी होते, मराठीत अर्धीच राहते. दोन धर्मांच्या मैत्रीवरील चित्रपटात हा पाठभेद गौण कसा मानावा? दोन्ही पाठ शेजारी ठेवणारी, प्रस्तावना आणि टिपांसह सिद्ध झालेली आवृत्ती हीच खरी प्रतीक्षेची वस्तू आहे.

अशी निकड परक्यांना आधी जाणवते, हा अनुभव 'घाशीराम कोतवाल'ने दिला. 'युक्त' या सहकारी गटाने १९७६ मध्ये केलेल्या या चित्रपटाची पटकथा तेंडुलकरांचीच; तरी दीर्घ चित्रणखंडांमुळे तो नाटकापासून निराळा झाला आहे. नाटकावर मराठीत दशकानुदशके वाद झडले, चित्रपट मात्र चर्चेबाहेर राहिला, कारण तो पाहायलाच मिळत नव्हता. बर्लिनच्या 'आर्सेनल' संस्थेने जपलेल्या प्रतीवरून पुढे त्याचे डिजिटल रूप सिद्ध झाले आणि तबकडीही जर्मनीतून निघाली. पेशवाईतल्या पुण्याचा पाठ बर्लिनहून यावा, यात लज्जास्पद काही असेल तर ते आर्सेनलच्या बाजूचे नाही.

परदेशी चित्रपटांच्या बाबतीत आणखी एक पायरी राहते, ती भाषेची. डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८) नवीन जालन्यातील प्रेक्षक इंग्रजी उपशीर्षकांवरून वाचतो. म्हणजे इटालियन रस्त्यावरचे बोलणे त्याच्यापर्यंत पोचते ते संक्षिप्त, सभ्य इंग्रजीतून. कथा-कादंबऱ्यांच्या अनुवादावर चर्चासत्रे भरवणाऱ्या मराठी समीक्षेने उपशीर्षक हा अनुवादप्रकार अद्याप गांभीर्याने हाताळलेला नाही. दोन ओळींत, वाचून होण्याइतक्या अवधीत, बापलेकांचे बोलणे बसवायचे तर प्रमाण मराठी घ्यावी की घिसाडी-हमालाच्या तोंडची, हे कोणीतरी एकदा करून पाहिल्याशिवाय कळणार नाही.