मुनग्याचा पाला, ब्रॉयलर आणि शोधनिबंधातलं शेवटचं वाक्य

ब्रॉयलरच्या खाद्यात पाल्याची भुकटी घालण्यावरचे शोधनिबंध तुम्ही चाळले, तर बहुतेकांचा साचा एकच दिसेल. एक दिवसाची पिल्लं, तीन-चार गट, खाद्यात वाढत्या प्रमाणात भुकटी, 42 व्या दिवशी वजन. आणि शेवटी: "शेतकऱ्यांनी याचा वापर करावा." माझा आक्षेप पाल्यावर नाही, या शेवटच्या वाक्यावर आहे.

पाला चांगलाच आहे. मुनग्याच्या (म्हणजे शेवग्याच्या) वाळलेल्या पानांत साधारण 25 टक्के प्रथिनं असतात. शिवाय पर्याय शोधायची गरजही खरी आहे. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालण्यावर युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून पूर्ण बंदी आणली. आपल्याकडे 2019 मध्ये पशुखाद्यातल्या कोलिस्टिनवर बंदी आली.

पण पाला प्रतिजैविकाला पर्याय आहे असं म्हणायचं, तर पिल्लांवर रोगाचा ताण हवा आणि तुलनेला प्रतिजैविक दिलेला गटही हवा. स्वच्छ शेडमधली धडधाकट पिल्लं दोन्हीकडे सारखीच वाढली, तर त्यातून काय कळलं? फार तर पाल्याने नुकसान झालं नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट मोजणीची. एका कप्प्यातली 30 पिल्लं एकाच भांड्यातून खातात, एकाच तुसावर बसतात. म्हणून ती 30 स्वतंत्र नोंदी नसतात, कप्पा ही एकच नोंद. त्यामुळे निबंध वाचताना एकूण पिल्लं किती हे पाहू नका, प्रत्येक गटाला कप्पे किती होते ते पाहा.

तिसरं, "पाला" हा शब्दच फार ढोबळ आहे. सुबाभळीच्या पाल्यातही प्रथिनं भरपूर, पण त्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं. मुनगासुद्धा 1-2 टक्के घालणं वेगळं आणि सोयाबीन पेंड काढून 10-15 टक्के घालणं वेगळं. कोंबडीला तंतू पचत नाहीत. प्रमाण वाढलं की वाढ मंदावण्याची भीती असते.

आता हे सगळं चंद्रपूर-गडचिरोलीत आणून पाहू. निबंधात पाल्याची किंमत बरेचदा जवळपास शून्य धरलेली असते. हिशेब करा. एक ब्रॉयलर विक्रीपर्यंत साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. 1000 पक्ष्यांना 3500 किलो. त्याचे 2 टक्के म्हणजे 70 किलो कोरडी भुकटी. ताज्या पानांत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी, म्हणजे एका बॅचला 300 किलोंच्या आसपास ओला पाला. तो तोडायचा, देठ काढायचे, सावलीत वाळवायचा. पावसाळ्यात नीट वाळला नाही तर बुरशी धरणार, आणि तेच विष खाद्यात जाणार. उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडून 70-70 चे पुडे बांधणाऱ्या माणसाला पाला फुकट असतो असं सांगून पाहा! इथे पान तोडण्याला मजुरी आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

सर्वांत मोठी अडचण पत्त्याची आहे. करारावर ब्रॉयलर पाळणाऱ्याला पिल्लं, खाद्य, औषध सगळं कंपनी देते. त्याला मिळतो तो पालनखर्च. खाद्यात काय मिसळायचं हे तो ठरवतच नाही. मग "शेतकऱ्यांनी वापर करावा" हे नेमकं कोणाला सांगितलं? ज्याच्या हातात हा निर्णय आहे, तो स्वतःचं खाद्य कालवणारा छोटा पालक, किंवा परसात गावठी कोंबड्या ठेवणारी बाई. तिच्या कोंबड्या पाला, वाळवी, तांदळाची कणी आधीच खातात. तिथे प्रश्न 42 दिवसांच्या वजनाचा नाही. पिल्लं किती जगली, अंडी किती मिळाली, हा आहे.

म्हणून पुढचा असा निबंध हाती आला की तीन गोष्टी तपासा: कप्पे किती, मजुरी धरली का, आणि सल्ला ज्याला दिला त्याच्या हातात खाद्य आहे का. तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर आकडे वाचा, पण शेवटचं वाक्य सोडून द्या. माझ्या निबंधातलंसुद्धा.