‘सेकंड हाफ स्लो आहे’ : चाहत्यांच्या एका मताचं संशोधन कसं करायचं?



पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण मला आपला कच्चा आराखडा वाचायला पाठवतात. त्यात चित्रपटांवर काम करायचं असणारे दरवर्षी असतातच. विषय साधारण असा असतो : ‘नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांचा चिकित्सक अभ्यास’. आत गेलं की पहिल्या पानावर कौतुक, दुसऱ्या पानावर कौतुक आणि तिसऱ्या पानावर थेट निष्कर्ष. मुलाखतीत समिती एकच प्रश्न विचारते, ‘हे परीक्षण झालं. यात संशोधन कुठंय?’ आणि तिथं गाडी अडते.

म्हणून आज एकच मत घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊन बघू. मत तुमच्या ओळखीचं आहे. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला, कमाईत तोपर्यंतच्या सगळ्या मराठी चित्रपटांच्या पुढे गेला, आणि त्या उन्हाळ्यात कट्ट्यावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात एक वाक्य सतत ऐकू येत होतं : ‘फर्स्ट हाफ भारी, सेकंड हाफ स्लो आहे.’ आजही ‘सैराट’चा विषय निघाला की कुणीतरी हे म्हणतंच.

हे मत बरोबर की चूक, यावर भांडू नका. संशोधकाचं काम वेगळं आहे. इतक्या लोकांना एकाच ठिकाणी एकच गोष्ट का जाणवली, हे त्याला शोधायचं असतं.

पहिली पायरी : शब्द सोलून बघा

‘स्लो’ म्हणजे नेमकं काय? घटना कमी घडतात? प्रसंग लांबतात? की आपल्याला हवं ते मिळणं बंद होतं? या तिन्ही गोष्टींना आपण बोलताना एकच शब्द वापरतो. संशोधनात मात्र तिन्हींचे पुरावे वेगवेगळे लागतात.

आता चित्रपटाकडे परत जा. अर्ची आणि पारश्या गाव सोडतात त्यानंतर घटना कमी आहेत का? अजिबात नाही. अनोळखी शहर, स्टेशनवरची रात्र, गुंडांचा हल्ला, डोशाची गाडी चालवणाऱ्या बाईनं दिलेला आसरा, कारखान्यातली नोकरी, संशय, भांडण, अर्चीचं गाडीत बसून निघून जाणं, तिचं परत येणं, लग्न, बाळ. उलट पहिल्या भागात काय घडतं? क्रिकेटची मॅच, चोरून बघणं, चिठ्ठ्या, विहीर, कॉलेज. घटना मोजल्या तर दुसरा भागच जास्त भरलेला निघेल. म्हणजे ‘स्लो’चा पहिला अर्थ गळाला.

मग उरतं काय? गाणी बघा. अजय-अतुल यांची चारही गाणी पळून जाण्याआधी संपतात. ‘झिंगाट’ वाजतं ते प्रिन्सच्या वाढदिवसाला, आणि त्याच रात्री दोघं पकडले जातात. त्यानंतर पूर्ण लांबीचं एकही गाणं नाही. पहिल्या भागात पारश्या धावतो तेव्हा वाद्यवृंद त्याच्यासोबत धावतो. हैदराबादच्या झोपडपट्टीत मात्र भांड्यांचा, रहदारीचा आणि न कळणाऱ्या भाषेचा आवाज उरतो. प्रेक्षकाला वेग कमी झाल्यासारखा वाटतो, पण कमी झालेलं असतं संगीत.

इथं तुमचं पहिलं विधान तयार झालं : ‘सैराट’मध्ये वेगाचा अनुभव घटनांच्या संख्येपेक्षा संगीताच्या असण्या-नसण्याशी जास्त जोडलेला आहे. हे विधान तपासता येतं. प्रसंगांची यादी करा, प्रत्येकाची मिनिटं लिहा, कुठं संगीत आहे आणि कुठं नाही ते नोंदवा. सुमारे तीन तासांचा चित्रपट आहे, दोन-तीन दिवसांत तक्ता होतो. आणि तक्ता उलटा निघाला तर विधान सोडून द्यायचं. खोटं ठरू शकेल असं विधान करणं, इथून संशोधन सुरू होतं.

दुसरी पायरी : तक्रारीमागची तक्रार

याच मताचं एक भावंड आहे : ‘नंतर अर्ची बदलली. ती आधीची डॅशिंग अर्ची राहिलीच नाही.’

मला वाटतं, ‘सैराट’बद्दल चाहत्यांनी केलेलं हे सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण आहे. पण बहुतेक जण ते दिग्दर्शकाचा दोष म्हणून सांगतात. थोडं थांबा. अर्चीचा डॅशिंगपणा कशाचा बनलाय ते बघा. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, विहिरीत पोहणाऱ्या पोरांना बाहेर निघायला सांगते आणि पोरं निघतात. का निघतात? ती धीट आहे म्हणून, हे खरंच. पण विहीर कुणाची, ट्रॅक्टर कुणाचा, तिचा बाप कोण, हे त्या प्रत्येक पोराला माहीत आहे, हेही तितकंच खरं. तिचा भाऊ प्रिन्स भर वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो आणि कॉलेज त्याचं काही वाकडं करू शकत नाही. अर्चीचा धीटपणा आणि प्रिन्सची मस्ती एकाच वाड्यातून येतात. एक आपल्याला आवडते, दुसरी खटकते, एवढाच फरक.

हैदराबादेत पाटील कुणी ओळखत नाही. तिथं अर्ची स्वयंपाक न येणारी, भाषा न कळणारी, घरच्या आठवणीनं रडणारी मुलगी आहे. म्हणजे अर्ची बदललेली नाही, तिच्या पायाखालची जमीन काढून घेतली गेलीय. शब्दशः जमीन. आणि तरीही ती नोकरी धरते, भांडून निघून जाते, स्वतःच्या मनानं परत येते. हा दुसरा धीटपणा पहिल्यापेक्षा मोठा आहे, कारण त्याच्यामागे कुणी उभं नाही. पण त्यावर आपण शिट्ट्या मारत नाही. तो आपल्याला ‘स्लो’ वाटतो.

पारश्याचंही तसंच. मासेमारी करणाऱ्या घरातला, कविता करणारा, लाजरा पोरगा आपल्याला आवडतो. तोच पुढे संशय घेतो, हात उचलतो. चाहते म्हणतात, ‘कॅरेक्टर बिघडवलं.’ चित्रपट म्हणतो, जात सोडून पळालेला मुलगा पुरुषपण गावात ठेवून येत नाही. प्रेमकथेत आपण नायकाकडून हे ऐकायला तयार नसतो.

लक्षात घ्या, आपण काय केलं. चाहत्यांचं मत झिडकारलं नाही आणि मान्यही केलं नाही. ते कुठं दुखतंय हे दाखवणारं बोट समजून त्या जागी गेलो.

तिसरी पायरी : विरोधी पुरावा स्वतःच शोधा

इथपर्यंत आलं की आपल्याच मांडणीच्या प्रेमात पडायला होतं. सावध राहा. दोन आक्षेप मला खरे वाटतात.

पहिला आक्षेप ‘फँड्री’वाल्यांचा. चाहत्यांमध्ये एक गट ठामपणे म्हणतो की ‘फँड्री’ (२०१३) हा खरा मंजुळे आणि ‘सैराट’ धंदेवाईक. ‘फँड्री’त डुक्कर धरायला पळणारं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत ऐकून जागच्या जागी उभं राहतं, धरलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर फुले, आंबेडकर दिसतात, शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. तिथं प्रेक्षकाला लपायला जागा नाही. ‘सैराट’ मात्र दीड तास लपायला जागा देतो.

गाणी घातली म्हणजे तडजोड केली, हे गृहीतक मला पटत नाही. ‘फँड्री’चा दगड त्यालाच लागतो जो तो चित्रपट बघायला गेला. ‘सैराट’नं अशा माणसाला खुर्चीत बसवलं जो जातीवरचा चित्रपट म्हटलं असतं तर आलाच नसता. पण आक्षेपाचा अर्धा भाग उरतोच. तो माणूस ‘झिंगाट’ घरी घेऊन गेला. शेवट घेऊन गेला का? गाणं लग्नाच्या वरातीत आलं. ज्या लग्नांत जात बघूनच सोयरीक जुळली, त्यांच्याही वरातीत. हे चित्रपटाचं अपयश म्हणायचं की प्रेक्षकाचं, हा प्रबंधाला पुरेल एवढा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचा. घर सोडल्यानंतरही अर्चीचं घर चित्रपटात येत राहतं. ती आईला फोन करते, बाळाचा आवाज ऐकवते, आणि त्याच धाग्यावरून पुढे भाऊ भेटवस्तू घेऊन दारात येतो. पारश्याच्या घरच्यांवर जे कोसळतं, ते चित्रपट थोडक्यात आटोपतो. ज्यांना गावातच राहायचं होतं, त्यांची शिक्षा आपण नीट पाहत नाही. दुसरा भाग लांबला अशी तक्रार करणाऱ्यांना मी म्हणेन, तो एका जागी फार लवकर संपतो.

चौथी पायरी : तुलना करा, पण जपून

मानव्यविद्यांत प्रयोगशाळा नसते. तुलना हाच आपला जवळचा पर्याय. ‘सैराट’चे रीमेक ही त्यासाठी आयती सोय आहे. २०१८ चा हिंदी ‘धडक’ घ्या. गाव जाऊन उदयपूर आलं, हैदराबाद जाऊन कोलकाता आलं. शेवटी नायिका वाचते, नवरा आणि मूल मारले जातात, आणि ती समोर उभी राहून बघते.

‘सैराट’मध्ये शेवटी बघणारं कुणी मोठं माणूस उरत नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं पोर परत येतं, आई-बापाला बघतं, आणि रक्तात भरलेली पावलं उमटवत बाहेर निघतं. आवाज पूर्ण बंद. ‘धडक’मध्ये रडायला नायिका आहे, म्हणून आपल्यालाही रडता येतं. ‘सैराट’ रडायलाही सोबत देत नाही. आणि तो आवाज बंद होणं अंगावर येतं, कारण मघाशी आपण याच चित्रपटात संगीतावर नाचत होतो. म्हणजे ‘स्लो’ वाटलेला मधला भाग हा गाण्यापासून शांततेपर्यंतचा जिना आहे. तो काढला तर शेवट नुसता धक्का उरतो.

जपून एवढ्यासाठी म्हणतो की रीमेकमध्ये एकच गोष्ट बदलत नाही. भाषा, कलाकार, निर्मितीचा पैसा, प्रेक्षक, सगळं एकदम बदलतं. म्हणून ‘शेवट बदलल्यामुळे परिणाम बदलला’ असं कारण-परिणामाचं विधान करू नका. ‘शेवटात बघणारा बदलतो आणि त्यानुसार आपली जागा बदलते’ एवढं म्हणा. तेवढं सिद्ध करता येतं.

पाचवी पायरी : आता माणसांकडे जा

इथपर्यंत सगळं चित्रपटातून काढलं. पण ‘प्रेक्षकाला असं वाटतं’ हे वाक्य मी वर किती वेळा वापरलं ते मोजा. समिती तिथंच पकडते : ‘कुठल्या प्रेक्षकाला?’

स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलं की पाठवणाऱ्यानं घातलेला अर्थ घेणारा जसाच्या तसा घेतोच असं नाही. कुणी तो मान्य करतो, कुणी काही भाग मान्य करून काही नाकारतो, कुणी उलटाच वाचतो. ‘सैराट’ला लावून बघा. ‘मुलांनी आई-बापाचं ऐकलं नाही म्हणून असं झालं’ असं म्हणत थिएटरबाहेर पडणारा माणूस तिसऱ्या प्रकारचा आहे. त्यानं तोच चित्रपट पाहिला आणि त्यातून मारेकऱ्यांची बाजू घेऊन घरी गेला.

मग माणसं किती हवीत? इथं विद्यार्थी घाबरतात आणि पाचशे जणांच्या प्रश्नावलीचा बेत आखतात. इएन आंग यांनी ‘डॅलस’ या अमेरिकी मालिकेवर काम करताना एका डच मासिकात छोटी जाहिरात दिली : ही मालिका तुम्हाला का आवडते किंवा का आवडत नाही, ते लिहून कळवा. ४२ पत्रं आली. त्यावर उभं राहिलेलं पुस्तक आजही शिकवलं जातं, कारण त्यांनी पत्रांची टक्केवारी काढली नाही. मालिकेला नावं ठेवणारेसुद्धा ती बघताना कोणती भाषा वापरतात, हे बारकाईनं वाचलं.

तुम्हीही वीस माणसं निवडा, पण विचारपूर्वक. गावातली आणि शहरातली, वेगवेगळ्या जातींची, बायका आणि पुरुष. ‘सेकंड हाफ स्लो वाटला का?’ असं विचारू नका, ते उत्तर तोंडात घालणं झालं. ‘नंतरचा भाग मला सांगा’ म्हणा आणि ऐका. कोण हैदराबाद दोन वाक्यांत संपवतं? कोण तिथंच रेंगाळतं? शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारलं गेलेल्या माणसाला तो भाग स्लो वाटतो का? संमती घ्या, नावं बदला. हा विषय लोकांच्या घरात घडलेला असू शकतो, हे विसरू नका.

शेवटी

‘सैराट’चा दुसरा भाग सदोष आहे, पण संथ नाही, हे माझं मत. ते तुम्ही मान्य करायची गरज नाही, तपासायची मात्र आहे. दुसरा भाग स्लो वाटणं ही साधी आवड-निवड असेल तर प्रश्न इथंच मिटला. पण ज्याच्या मागे विहीर आणि ट्रॅक्टर आहे त्याला तो स्लो वाटत असेल आणि ज्याच्या मागे काहीच नाही त्याला वाटत नसेल, तर कंटाळ्यालाही जात असते. हे सिद्ध होईल की नाही, मला सांगता येणार नाही. पण हा प्रश्न आराखड्यात घेऊन गेलात तर ‘यात संशोधन कुठंय?’ असं कुणी विचारणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या मित्रांत एखाद्या चित्रपटाबद्दल सगळे एकमतानं म्हणतात असं एक वाक्य निवडा. त्यातला एक शब्द सोला. आणि तो खोटा ठरेल असा एक प्रसंग त्याच चित्रपटातून शोधून काढा. सापडला तर तुमचा विषय सापडला.