मागे राहिलेला शेतकरी

नवे तंत्र समाजात कसे पसरते, याचा अभ्यास करणारा एव्हरेट रॉजर्स यांच्या ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ (१९६२) या पुस्तकापाशी येतोच. पुस्तकाचे मूळ त्यांच्या १९५७ च्या पीएच.डी. प्रबंधात आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील कॉलिन्स गावचे शेतकरी तणनाशकासारख्या नव्या गोष्टी केव्हा वापरू लागले, हे त्यांनी मुलाखती घेऊन तपासले. नव्या गोष्टीची माहिती प्रसारमाध्यमे देतात, पण मन वळते ते बहुधा ओळखीच्या माणसाशी बोलून, हा पुस्तकातला विचार आजही मोलाचा आहे.

पुस्तकातली वर्गवारी मात्र तपासून घ्यायला हवी. नवे तंत्र स्वीकारणाऱ्यांचे त्यात पाच गट आहेत: २.५, १३.५, ३४, ३४ आणि १६ टक्के. शेवटच्या १६ टक्क्यांना रॉजर्स ‘लॅगार्ड’, म्हणजे मागे रेंगाळणारे, म्हणतात. हे आकडे निसर्गनियमासारखे सांगितले जातात. पण ते शेतात सापडलेले नाहीत. घंटेच्या आकाराचा आलेख सरासरी आणि प्रमाण विचलनाच्या रेषांनी कापला, की ते आपोआप मिळतात. मुलांना उंचीप्रमाणे उभे करून शेवटच्या १६ टक्क्यांना बुटके म्हणायचे ठरवले, तर प्रत्येक शाळेत १६ टक्के मुले बुटकी निघणारच!

आकड्यांपेक्षा नाव अधिक घातक. कॉलिन्समधल्या एका शेतकऱ्याने सगळी रसायने नाकारली. त्यांनी गांडुळे आणि पाखरे मरतील, असे त्याचे म्हणणे होते. रॉजर्सना ते अडाणीपणाचे वाटले आणि तो ‘रेंगाळणाऱ्यां’त गेला. पुढे १९६२ मध्येच रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ आले आणि कीटकनाशकांनी मरणाऱ्या पाखरांचा प्रश्न जगापुढे मांडला गेला. आजच्या मोजमापाने तो शेतकरी सर्वांच्या पुढे होता, हे रॉजर्सनी नंतर आपल्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले. नवे ते चांगलेच, असे गृहीत धरण्याच्या दोषाचीही त्यांनी चर्चा केली. हा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे. तरीही २००३ च्या पाचव्या आवृत्तीत ‘लॅगार्ड’ हा शब्द तसाच राहिला.

शाळेत नवे उपकरण येते, तेव्हा किती शिक्षक ते वापरतात, हे आपण मोजतो. न वापरणाऱ्याला मागासलेला ठरवण्याआधी त्याचे कारण विचारावे. ते चुकीचेही असू शकेल. पण ते नोंदलेच नाही, तर बरोबर की चूक हे तपासणार कसे?