एका वेळी एकच!

आळेफाट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला निवड म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. नाशिकची एसटी धरली की कल्याण सुटलं! 'पोकेमॉन' या चित्रविचित्र प्राण्यांच्या झुंजी लावणाऱ्या जपानी व्हिडिओ गेमची खरी खुमारी हीच आहे. १९९९च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'पासून प्रत्येक प्राण्याला जवळ एकच वस्तू बाळगता येते. 'चॉइस बँड' बांधला की अंगबळाचा मारा दीडपट. पण पहिला टाकलेला डावच पुन्हा पुन्हा टाकायचा. तो बदलायचा तर मैदानाबाहेर यायचं. उतरल्याशिवाय एसटी तरी कुठे बदलते? 'लाइफ ऑर्ब' माऱ्याला ३० टक्के जोर देतो आणि दर माऱ्यामागे १० टक्के जीव कापून घेतो. आम्ही बँकवाले याला कर्ज म्हणतो!

माझा कौल मात्र 'लेफ्टओव्हर्स'ला, म्हणजे उरल्यासुरल्या अन्नाला. दर फेरीला सोळावा हिस्सा जीव परत. म्हणजे सव्वासहा टक्के! एवढा दर आम्ही काउंटरवर वर्षाचा म्हणून सांगतो.

या खेळात दोष एकच. यंत्राशी झुंजताना वस्तूंवाचूनही सहज जिंकता येतं, म्हणून पोरं त्या पिशवीतच ठेवतात. समोर माणूस बसला, की मग शिळ्या पोळीची किंमत कळते.