मौनाची संमति

‘मौन हें संमतीचें लक्षण’ हें वचन लग्नाच्या बैठकींत खपून जातें. परंतु ज्याचें मौन कधींच भंगावयाचें नाहीं, त्याला तें लावावें काय? फ्रान्समध्यें १९७६ च्या कायद्यानें तें लाविलें. हयातींत नकार न दिलेला प्रत्येक मनुष्य मरणोत्तर अवयवदानास राजी होता, असें तेथें गृहीत धरतात. मायलिस द केरांगाल या लेखिकेची ‘रेपारे ले विवां’ (२०१४) ही कादंबरी या गृहीतकाच्या छायेंत घडते.

कथानक अवघ्या २४ तासांचें. १९ वर्षांचा सिमों मित्रांसह समुद्रावरून परततांना अपघातांत सांपडतो. मेंदू मृत झालेला, पण यंत्राच्या श्वासावर हृदय अजून धडधडत आहे. अशा वेळीं रुग्णालयाचा समन्वयक तोमा रेमिज आईबापांपुढें येऊन बसतो. कायदा त्याच्या बाजूस आहे. तरी तो विचारतो, आणि उत्तराची वाट पाहतो. कायद्याची भाषा व शोकाची भाषा यांतील अंतर लेखिकेनें आपल्या लांबच लांब, लाटांसारख्या वाक्यांतून फार समर्थपणें दाखविलें आहे. आईबाप हृदय देतात. डोळे मात्र देत नाहींत. कायद्याच्या लेखीं सारे अवयव सारखे. त्यांच्या लेखीं तसें नाहीं. तोमा तेंहि मान्य करतो.

दोष एकच, पण मोठा. आईबापांचा होकार हेंहि शेवटीं अनुमानच. मग सरकारचें अनुमान खटकावें आणि आप्तांचें पटावें, हें कां? कादंबरी हा प्रश्न काठावर आणून सोडते. शिवाय नव्या हृदयावांचून जगूं न शकणारी क्लेर समोर आल्यावर नकाराची बाजू दुबळी पडते. ती पूर्ण बळानें मांडणारें पात्र येथें नाहीं.

आमच्या मतें, आप्तांचें अनुमान चुकूं शकतें, पण तें त्या एका माणसाविषयीं असतें. कायद्याचें अनुमान सर्वांविषयीं असल्यामुळें कोणाविषयींच नसतें. भारतांतील १९९४ च्या कायद्यानें मौनास होकार मानलेलें नाहीं. मृताची लेखी इच्छा, नाहीं तर आप्तांची अनुमति लागते. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न थेट घरांतच येतो. आपली इच्छा ज्यानें घरांत सांगून ठेविली, त्याच्या माणसांवर निदान अनुमान करण्याची पाळी येणार नाहीं.