सातवा सोबती

महाभारताचं सतरावं पर्व, महाप्रस्थानिक, अवघं तीन अध्यायांचं. कृष्ण गेला आहे. परीक्षिताला गादीवर बसवून पांडव वल्कलं नेसून निघाले आहेत. व्यास मंडळी मोजतात: पाच भाऊ, सहावी द्रौपदी, सातवा कुत्रा. त्याचं नाव नाही, रंग नाही, तो कुणाचा हेही सांगितलेलं नाही. नगरातले लोक निरोप देऊन परततात, हा परतत नाही. सगळ्या पर्वभर त्याचं काम एकच, बरोबर चालणं.

वाटेत द्रौपदी कोसळते. मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीम कारण विचारतो. युधिष्ठिर मागे वळूनही न पाहता पडलेल्याचा दोष सांगतो आणि पुढे चालू लागतो. द्रौपदीचा अर्जुनाकडे ओढा, सहदेवाला बुद्धीचा ताठा, नकुलाला रूपाचा. जन्मभर साथ दिलेल्यांसाठी मायेचा एक शब्द नाही. हा कोरडेपणा मनात ठेवूनच तिसरा अध्याय वाचावा.

इंद्र रथ घेऊन येतो. युधिष्ठिर आधी भावांना आणि द्रौपदीला मागतो. ते देह ठेवून पुढे पोचले आहेत, असं कळल्यावर म्हणतो, हा कुत्राही माझ्याबरोबर येईल. इथून जो वाद रंगतो तो मला साऱ्या महाभारतातल्या उत्तम संवादांपैकी एक वाटतो. कुत्रा बाळगणाऱ्याला स्वर्गात थारा नाही, इंद्र बजावतो. मग नेमकं वर्मावर बोट ठेवतो: भावांना टाकलंस, द्रौपदीला टाकलंस, मग या कुत्र्याचाच मोह का? युधिष्ठिर उत्तरतो, मेलेल्यांना मी जिवंत करू शकत नव्हतो. जिवंत असताना मी त्यांना टाकलं नाही. शरणागताला हाकलणं, स्त्रीहत्या, ब्राह्मणाचं धन लुटणं आणि मित्रद्रोह ही चार पापं एकीकडे आणि जीव लावणाऱ्याला सोडणं दुसरीकडे, दोन्ही त्याला सारखीच.

या उत्तराचं खरं वजन कळायला थोडं मागे, आश्वमेधिक पर्वात जावं लागतं. तिथे युधिष्ठिराच्या अफाट दानाचा गाजावाजा चालू असताना अर्ध्या सोनेरी अंगाचं मुंगूस येऊन सांगतं, कुरुक्षेत्रातल्या एका उपाशी कुटुंबाने पाहुण्याला घातलेल्या मूठभर सातूचीही सर या यज्ञाला नाही. राजाचं दान भरल्या कोठारातलं होतं. हिमालयात त्याच्याजवळ कोठार नाही, राज्य नाही, माणसं नाहीत. उरलाय तो फक्त समोर आलेला स्वर्ग, आणि तोच तो कुत्र्यासाठी नाकारतो. कुत्र्याने तर काहीच मागितलेलं नाही. माझ्या मते युधिष्ठिराचं पहिलं खरं दान हेच.

पुढे कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, असा उलगडा होतो. मला तो काहीसा नकोसाच वाटतो. कुत्रा कुत्राच राहिला असता तरी युधिष्ठिराची थोरवी तसूभरही कमी झाली नसती. उलट वाढलीच असती.

पण व्यास इथे थांबत नाहीत. स्वर्गारोहण पर्वात युधिष्ठिराला स्वर्गात दुर्योधन दिमाखात बसलेला दिसतो, आपली माणसं दिसत नाहीत. देवदूत त्याला अंधाऱ्या, दुर्गंधीच्या वाटेने नरकात नेतो. तो परत फिरणार एवढ्यात आवाज येतात: जाऊ नकोस, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरं वाटतंय. आवाज कर्णाचा, भीमाचा, अर्जुनाचा, द्रौपदीचा असतो. तो देवदूताला परत पाठवतो आणि तिथेच थांबतो. यावेळी दोष सांगत नाही, कारणं देत नाही. त्याच्याकडून त्यांना हवी आहे ती नुसती सोबत, आणि ती कशी करायची हे त्या सातव्या सोबत्याने वाटभर त्याला दाखवलेलं असतं.

बहुतेक सगळे कुत्र्याची गोष्ट ऐकून थांबतात. महाप्रस्थानिकाचा तिसरा अध्याय आणि स्वर्गारोहणाचा दुसरा, हे दोन्ही एकाच बैठकीत, लागोपाठ वाचा.