बुराडी घाटावर दत्ताजी

मराठी गद्यातला मोठा पराभव म्हटला की लोक पानिपतच सांगणार. वाङ्मय म्हणून मी त्याच्या वर्षभर आधीचा बुराडी घाट उचलीन. ‘भाऊसाहेबांच्या बखरी’त दत्ताजी शिंदे पडतात, ते पान.

१० जानेवारी १७६०, संक्रांतीचा दिवस. दिल्लीच्या उत्तरेला यमुनेकाठच्या गवता-झुडपांतून रोहिले बंदुका घेऊन येतात. समोर शिंद्यांचे तलवारी-भाले. दत्ताजींचे पुतणे जनकोजी जखमी होतात, दत्ताजी गोळी लागून पडतात. रोहिल्यांकडचा कुत्बशाह जवळ येतो आणि पडलेल्या माणसाला ‘पटेल’ म्हणून हाक मारत विचारतो, अजून लढणार का? उत्तर येतं आणि मस्तक उतरवलं जातं.

ते उत्तर इथे लिहीत नाही. महाराष्ट्रात ते शाळेतच पाठ होतं. वाशीच्या भावे नाट्यगृहात कुणी नटाने छाती काढून ते म्हटलं, तर टाळी ठरलेली. पण छाती काढली की त्याची चव जाते असं मला वाटतं. त्यात जिंकण्याची भाषा नाही, शाप नाही, देवाचा धावा नाही. जगलो तर, एवढी अट घालून मग लढण्याची गोष्ट. मरणाच्या दारात माणूस इतकं हिशेबी बोलतो, यातच त्याचा कणा दिसतो. हा संवाद खरोखर झाला का, यावर इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा. बखरकाराला माणूस उभा करायचा होता, आणि तो उभा राहिला.

खरी कारागिरी मात्र आधीच्या पानांत आहे. रोहिल्यांचा सरदार नजीबखान पुरता संपला तर पेशवे आपल्याला धोतरं बडवायला लावतील, अशा अर्थाचा सल्ला मल्हारराव होळकर शिंद्यांना देतात. विनोदी वाटावा असा हा घरगुती कावा. पुढे गंगेवर पूल बांधून देण्याच्या वायद्यावर नजीब दत्ताजींना शुक्रतालाला झुलवत ठेवतो. बुराडीला रोहिले चालून येतात तेव्हा वाचकाला ती धोतरं आठवतात. हरण्याची सुरुवात रणात नव्हे, मसलतीत झालेली असते.

असंच मस्तक उतरवलं गेलेला आणखी एक योद्धा म्हणजे चीनच्या ‘तीन राज्यां’च्या कादंबरीतला ग्वान यू. त्याचा घात त्याचा ताठा करतो: शेजारच्या राज्याचा धनी सुन च्वानने आपल्या मुलासाठी त्याच्या मुलीला मागणी घातली, ती हा अपमान करून धुडकावतो. शेवटी माइचंगमधून निसटताना पकडला जातो, शरण येत नाही, शिरच्छेद होतो. पण कथाकाराला त्याला मेलेला ठेववत नाही. शत्रू त्साओ त्साओपुढे पेटी उघडताच ते मुंडकं डोळे उघडतं, आणि भूत होऊन तो आपलं शिर परत मागत हिंडतो. तेव्हा एक भिक्षू त्याला विचारतो, तू ज्यांची मुंडकी उडवलीस त्यांनी कुणाकडे मागायची? हा प्रश्न मला फार आवडतो. ग्वान यूची पुढे देवळंही झाली.

दत्ताजींना बखरकार असा परत आणत नाही. त्याला अजून उदगीर जिंकून आलेल्या भाऊसाहेबांना उत्तरेच्या वाटेला लावायचं आहे.